चहाची उचल



ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ‘उचल’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम हातात येते, घरातली नड तेवढ्यापुरती भागते आणि मग तीच रक्कम हंगामभर कोयत्यावर फेडावी लागते. मुळात ते पैसे आपल्याच उद्याच्या घामाचे असतात. चहाचे अगदी असेच आहे. कपभर चहा पोटात गेला की अंगात तरतरी येते, हात चालायला लागतात, डोळ्यांवरची झापड उडते. आपण म्हणतो, चहाने ताकद दिली. पण चहात ताकद नसते. चहा आपल्याच उद्याच्या ताकदीतली थोडी रक्कम आज उचलून देतो. एक-दोन कपांपर्यंत ही उचल सहज फिटते. आठ-दहा कपांची उचल मात्र शरीराला फेडता फेडता नाकी नऊ येतात.

आजच्या सदरात या उचलीचा हिशेब मांडायचा आहे. चहा सोडा असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. पाहुणा आला की आधी पाणी आणि मग चहा, ही आपल्या घरांची रीत आहे. चहाशी आपल्या माणसांचे नातेही साधे नाही. गावच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असायची आणि ती आपली आपणच धुवून ठेवावी लागायची, हे अनुभवलेली माणसे आजही घराघरांत आहेत. चारचौघांत बसून एकाच ट्रेमधला कप उचलण्याचा हक्क भांडून मिळवलेला आहे. म्हणून प्रश्न चहा प्यावा की नाही असा नाही. प्रश्न आहे तो चहाच्या जागी काय गेले याचा. सकाळची भाकरी, दुपारची विश्रांती, रात्रीची झोप आणि बायकांच्या अंगातले रक्त यांच्या जागी जर चहा आला असेल, तर विचार करायला हवा.

कारखान्यात चहा कोणी आणला?

आपल्याला वाटते चहा पूर्वापार आहे. तसे नाही. आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या घरात चहा शिरला तो विसाव्या शतकात. १९०३ साली इंग्रज सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवणारा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांत चहाचे ठेले लावण्यात आले. कामगारांना चहासाठी थोडी सुट्टी द्या, असे मालकांना पटवण्यात आले. थकलेला कामगार चहा पिऊन पुन्हा कामाला लागतो, हे मालकांच्याही फायद्याचे होते. पुढे यंत्राने दाणेदार चहा तयार होऊ लागला. थोड्या पावडरीत जास्त कप आणि तेही कडक! गरिबाच्या खिशाला चहा परवडू लागला. म्हणजे चहा कामगाराकडे आला तोच मुळी थकव्यावरचा स्वस्त उपाय म्हणून. जेवणाला वेळ आणि पैसे लागतात, झोपेला रात्र लागते, चहाला पाच मिनिटे पुरतात.

कॅफिन अंगात काय करते?

चहा आणि कॉफीत जे तरतरी आणणारे द्रव्य असते त्याला कॅफिन म्हणतात. कॉफीच्या बियांतून ते वेगळे काढले जर्मनीतील रुंगे या रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ साली.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे एक द्रव्य साठत जाते. मेंदूत त्याच्या बसण्याच्या ठराविक जागा असतात. तिथे ते जाऊन बसले की आपल्याला थकवा जाणवतो, जांभया येतात, झोप येते. हा शरीराचा निरोपच असतो की आता थांब. कॅफिनची घडण या द्रव्याशी मिळतीजुळती आहे. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून आपण सीट अडवतो ना, तसे कॅफिन आधीच त्या जागा अडवून बसते. अ‍ॅडेनोसिन उभेच राहते. थकवा असतो, पण कळत नाही. काही तासांनी कॅफिन उतरते, जागा मोकळ्या होतात आणि ताटकळत उभी असलेली सगळी गर्दी एकदम बसते. दुपारी चारच्या सुमारास अंग गळून जाते आणि पुन्हा चहाची तलफ येते, ती अशी.

रोजच जागा अडवल्या तर मेंदू नव्या जागा तयार करतो. मग तेवढ्याच तरतरीसाठी जास्त चहा लागतो. दोनाचे चार, चाराचे आठ कप होतात ते यामुळे. एका दिवशी चहा मिळाला नाही तर डोके ठणकते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होतो आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकतो. पुष्कळ जण म्हणतात, ‘चहा घेतला की माझं डोकं थांबतं, म्हणजे चहा मला मानवतो.’ खरे तर ती डोकेदुखी चहानेच लावलेली असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, त्यामुळे हे चक्र आणखी घट्ट होते.

किती म्हणजे जास्त?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असे सांगितले आहे. त्याच सूचनांप्रमाणे १५० मिलिलिटरच्या एका कपात साधारण एवढे कॅफिन असते :

चहा – ३० ते ६५ मिलिग्रॅम
झटपट विरघळणारी कॉफी – ५० ते ६५ मिलिग्रॅम
दळलेल्या बियांची उकळलेली कॉफी – ८० ते १२० मिलिग्रॅम

आता आपला हिशेब करू. भरपूर पावडर टाकून, उकळून उकळून काळा केलेला कडक चहा पाच कप झाला की मर्यादा ओलांडली. फिक्का, दूध जास्त असलेला चहा असेल तर जरा सवलत. पण सकाळी दोन कप, कामावर गेल्यावर एक, अकराला एक, जेवणानंतर एक, चारला एक, घरी आल्यावर एक आणि कोणी आले-गेले की आणखी एक असे आठ कप धरले, तर २४० पासून ५२० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन पोटात जाते. कटिंगचा ग्लास लहान असतो म्हणून आपण तो मोजतच नाही. पण दोन कटिंग म्हणजे एक कप, हे लक्षात ठेवा.

साखरेचाही हिशेब याच वहीत लिहा. कपाला दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. सहा कपांत पन्नास-साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि २५ ग्रॅमवर आणली तर उत्तम. म्हणजे दुसरे काही गोड न खाता नुसत्या चहानेच मर्यादा संपली. ज्या घरात मधुमेह आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. साखरेची चटक लागलेली जीभ एकदम वळत नाही, तेव्हा दर आठवड्याला पाव चमचा कमी करावा.

कॅफिन जास्त झाल्याच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. छातीत धडधडणे, हाताला कंप, उगाच घाबरल्यासारखे होणे, रात्री झोप न लागणे, जळजळ आणि आंबट ढेकर, वारंवार लघवीला जाणे, रक्तदाब थोडा वाढणे. पित्ताचा त्रास असलेल्यांचे पोट रिकाम्या पोटीच्या चहाने जास्त बिघडते. सगळ्यांचे शरीर सारखे नसते. एकाला रात्री चहा पिऊनही झोप येते, दुसऱ्याला दुपारच्या कपानेही रात्र जागवते. शेजारच्याला चालते म्हणून आपल्याला चालेल असे धरू नये.

बहिणींनो, हे तुमच्यासाठी

घरात सर्वांत आधी कोण उठते आणि सर्वांत शेवटी कोण जेवते, हे सांगायला नको. पहाटे उठून डबे करायचे, पाणी भरायचे, मुलांना शाळेत पाठवायचे, नंतर धुणीभांडी किंवा बांधकामावर जायचे. या धावपळीत बाईच्या पोटात जातो तो फक्त चहा. एक सकाळी, एक कामाच्या घरी, एक अकरा वाजता. भूक लागली की चहा, आणि चहाने भूक मरते. दुपारी दोन वाजता शिळी पोळी खाल्ली की झाले जेवण.

याचा परिणाम रक्तावर दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. याचे मुख्य कारण चहा नाही. निकृष्ट आहार, लागोपाठची बाळंतपणे, पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, ही कारणे मोठी आहेत. पण जे थोडेफार लोह ताटात येते त्यातही चहा वाटा मारतो.

इथला गुन्हेगार कॅफिन नाही, चहातली टॅनिनसारखी तुरट द्रव्ये आहेत. बाजरी, डाळी, मेथी, शेवग्याचा पाला यांतल्या लोहाला ती पोटातच धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांसाच्या जेवणासोबत चहा दिला तेव्हा लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी घटले, कॉफीने ३९ टक्क्यांनी घटले. कॉफी जेवणानंतर तासाभराने घेतली तरी नुकसान तेवढेच झाले. तासभर आधी घेतली तेव्हा मात्र झाले नाही. राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळा. जेवणानंतर यापेक्षा जास्त वेळ थांबता आले तर अधिक चांगले.

म्हणून जेवणानंतरचा चहा बंद करा आणि त्या जागी लिंबू, आवळा किंवा पेरूची फोड घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह लवकर अंगी लागते. मटण, कलेजी, मासे यांतले लोह भाजी-डाळीपेक्षा सहज पचते, पण त्या जेवणावरही लगेच चहा नको. आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळालेली रक्तवाढीची गोळी चहाच्या घोटाबरोबर कधीच घेऊ नका. तसे केले तर गोळीचा पुष्कळसा भाग वाया जातो. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे धरतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात जाऊन करून घ्यावी.

गरोदर बहिणींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅफिन नाळेतून बाळाकडे जाते. एरवी साधारण पाच तासांत निम्मे कॅफिन शरीरातून जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याला पंधरा तासही लागू शकतात. बाळाला तर ते फोडताच येत नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, म्हणजे गर्भपात आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका घटेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. पुष्कळ डॉक्टर २०० मिलिग्रॅमचीच मर्यादा सांगतात. सोपा नियम असा की दिवसाला दोन कप, तेही फिक्के. सासूबाईंनी, नणंदांनी एवढे बघावे की सुनेच्या हातात चहाआधी भाकरी पडते आहे.

लेकरांच्या कपात काय?

रडते म्हणून तान्ह्याच्या तोंडात चहाचा चमचा, शाळेत जाताना चहात बुडवलेला बटर किंवा टोस्ट, हे दृश्य आपल्या वस्त्यांत नवे नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांत रक्त कमी आढळले होते. चहाने मुलाची भूक मरते, लोह अंगी लागत नाही आणि झोप मोडते. पाच वर्षांखालील मुलाला चहा मुळीच देऊ नये. त्या सकाळच्या वेळेला नाचणीची पेज, रात्रीची भाकरी कुस्करून दूध, उकडलेले अंडे, चणे-शेंगदाणे आणि गूळ यांतले जे परवडेल ते द्यावे.

मोठ्या मुलांपुढे वेगळेच संकट आले आहे. पानटपरीवर वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या, लाल-निळ्या रंगाच्या, ‘ताकद देणाऱ्या’ गोड पेयांच्या बाटल्या. नववी-दहावीची मुले परीक्षेच्या रात्री आणि क्रिकेटच्या मैदानावर त्या घटाघट पितात. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. ही पेये लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी नाहीत, असा इशारा बाटलीवर छापलेला असतो, पण इतक्या बारीक अक्षरात की तो वाचायला भिंग लागावे. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीला बंदी घालण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये आपल्या विधिमंडळात झाली. पण घोषणा झाली म्हणून पालकांनी निश्चिंत राहू नये. बाटली हातात घेऊन मुलाबरोबर तो इशारा वाचा. समजावले तर मुले ऐकतात.

काही तरुण हेच पेय दारूत मिसळतात. हे फार घातक आहे. कॅफिनमुळे झिंग जाणवत नाही, पण दारूचा अंमल तेवढाच असतो. माणूस शुद्धीत आहे असे समजून आणखी पितो आणि गाडीला किक मारतो. चहा काही पंचशीलातले मद्य नव्हे, हे खरे. पण चहासारखे ‘साधे’ समजून घेतलेले हे पेय दारूच्या सोबतीला बसले की त्याला साधे म्हणता येणार नाही.

रात्रपाळीवाल्यांनी

सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, सफाई कामगार, ट्रकचालक, रिक्षावाले यांना चहाशिवाय रात्र काढणे जड जाते. त्यांनी चहा घ्यावा, पण वेळ पाहून. पाळीच्या पहिल्या भागात एक-दोन कप घ्या. पाळी सुटण्याआधीचे सहा तास चहा नको. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावरही झोप एका तासाहून अधिक घटली. पहाटे पाचला घेतलेला कडक चहा सकाळी आठची झोप खातो आणि पुढच्या रात्रीसाठी पुन्हा चहाच लागतो. जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे डोळा लागला तर तो दोन कपांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चालकांनी तर लिहून ठेवावे की स्टीअरिंगवर डुलकी येऊ लागली की चहा पिऊन पुढे जायचे नाही, गाडी बाजूला लावून झोपायचे.

विश्रांती मागणे म्हणजे आळस नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचे विधेयक त्यांनी मांडले. माणसाला घरासाठी, वाचनासाठी, झोपेसाठी वेळ हवा, हा त्यामागचा विचार. ती विश्रांती आपण चहाच्या बदल्यात विकून टाकू नये.

चहा कमी कसा करावा?

एकदम बंद करू नका, डोकेदुखीने हैराण व्हाल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू कराल. असे करा :

१. पहिले दोन दिवस फक्त मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कपागणिक एक रेघ ओढा.
२. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करा, झोप सुधारेल.
३. पावडर निम्मी करा, उकळणे कमी करा, कप लहान घ्या.
४. उठल्याबरोबर आधी पाणी, मग काहीतरी खाणे, त्यानंतर चहा.
५. जेवणाच्या आसपास चहा नाही. तलफ आली तर लिंबूपाणी, ताक किंवा पावडर न घालता गवती चहा-आल्याचा काढा घ्या.
६. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी त्याच वेळी चहाही कमी करावा. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात कॅफिन लवकर फुटते. विडी सुटली की तेवढ्याच चहाचे कॅफिन अंगात जास्त वेळ राहते आणि घाबरल्यासारखे होते. माणसाला वाटते विडी सोडल्याने त्रास झाला आणि तो पुन्हा पेटवतो.
७. चहा कमी करूनही धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल, शौचाला काळे होत असेल किंवा सतत दम लागत असेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांना. घरधनीण दिवसभरात किती कप चहा पिते आणि किती वेळा जेवते, हे एक दिवस शांतपणे बघा. चहाच्या रेघा जास्त आणि जेवणाच्या कमी निघाल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची किटली चुलीवर चढण्याआधी तिच्यापुढे ताट ठेवा. घरातली उचल तिथूनच फिटायला लागेल.